ताट जागेवर

ताट माझ्या हातात होतं आणि खानावळीतली सगळी माणसं माझ्याकडे बघत होती.

यवतमाळच्या मोटार स्टँडजवळची मटणाची खानावळ. दुपारची वेळ, बाजाराचा दिवस, बाकं भरलेली. माझं जेवण झालं होतं. मी उठलो, उष्टं ताट उचललं, त्यात वाटी ठेवली, पेला ठेवला आणि मागच्या दाराजवळच्या रांजणाकडे चालू लागलो. चार-पाच पावलं गेलोही. आपण काय करतोय हे मला कळलंच नाही. हात करत होते.

"मास्तर, ताट कायले उचलून राह्यले?" मालकानं गादीवरून विचारलं.

तो रागानं नव्हता बोलला. त्याला खरंच कळलं नव्हतं. तिथे कोणी ताट उचलत नसे. ताट उचलायला, घासायला माणसं होती. जेवणारानं मिशीवरून हात फिरवायचा, बडीशेप तोंडात टाकायची आणि निघायचं.

मी थांबलो. पेला ताटात वाजला.

"सवय हाय," मी म्हणालो. "माय लहानपनीच मेली. आपलं ताट आपनच धुवाची सवय लागली."

माझी माय तेव्हा आमच्या गावी, बोरी अरबला, कोणाच्या तरी वावरात कापूस वेचत होती.

मालकानं मान हलवली. त्याला माझी कीव आली असावी. तेवढ्यावर सगळं मिटलं असतं. पण माझ्यासोबत जेवायला बसलेले आमचे हेडमास्तर हसले. वासुदेवराव त्यांचं नाव. राळेगाव तालुक्यात ज्या गावी मी शिकवायचो त्याच गावचे, मोठ्या वाड्यातले, मोठ्या शेतीचे. बोटं चाटत, माझ्याकडे न बघता ते मालकाला म्हणाले, "धुवू द्या हो. त्याईच्या हाताले सवय असते. सरकारनं मास्तर केलं, हात कोन बदलवनार?"

मग खानावळीला कळलं. सांगावं लागलं नाही. शेजारच्या बाकावरच्या माणसानं आपलं धोतर आवरलं आणि जरा सरकून बसला.

मालक गादीवरून उतरला. माझ्याजवळ येऊन हळू आवाजात बोलला. आवाज चढवायची त्याला गरजच नव्हती.

"असं हाय काय. बरं. आता धुतलंच तं आत नका ठेवू. बाहेर ठेवा, ओट्याले लागून. उपडं."

आणि मी ठेवलं. मी ताट धुतलं. राखेनं घासलं, दोनदा विसळलं, बाहेर नेलं आणि ओट्याला लागून उपडं ठेवलं. वर वाटी उपडी, पेला उपडा. कुठलं कुठे ठेवायचं ते मला कोणी शिकवायला नको होतं.

तो दिवस आठवला की आजही मला मालकाचा राग आधी येत नाही. वासुदेवरावांचाही नाही. आधी मला माझीच लाज वाटते. मी मास्तर होतो. पोरांना माणसं सारखी असतात हे शिकवायचो. आणि मी ताट उपडं ठेवलं.

हाताची ही सवय कुठली, ते सांगतो. आमच्या गावच्या चहाच्या हॉटेलात आमच्यासाठी दोन कपबश्या वेगळ्या होत्या. बिनकानाच्या. त्या आत नसत, बाहेर कुडाच्या खोबणीत असत. आपण उचलायच्या, हॉटेलवाला वरून चहा ओतायचा, आपण तो पायरीखाली उकिडवं बसून प्यायचा, कपबशी धुवायची आणि उपडी ठेवायची. माय मला कडेवरून उतरवून सांगायची, "पेलं की आंधी धुवाचं. मंगच बोलाचं." मला चालता येत होतं तेव्हापासून मला कपबशी धुता येत होती. शेताच्या मालकाकडे जेवण मिळालं तरी तेच. जर्मनचं, म्हणजे ॲल्युमिनियमचं ताट, कडा चेपलेलं. जेवलो की धुऊन गोठ्याच्या भिंतीला उपडं.

छप्पन्न साली आमची वस्ती नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आली. परत आल्यावर वस्तीनं ठरवलं, मेलेलं ढोर ओढायचं नाही, आणि त्या हॉटेलात चहा प्यायचा नाही. माय तर त्या दोन्ही कपबश्या उचलून घेऊन आली आणि नाल्यातल्या खडकावर फोडल्या. हॉटेलवाला शिव्या देत मागे आला. माय त्याला म्हणाली, "आमच्याच होत्या ना? दुसरं कोन पेत होतं त्याच्यात?" मी तेव्हा मिसरूड फुटलेला पोरगा होतो. मला वाटलं, सुटलो. कपबशी फुटली म्हणजे सगळं फुटलं. हात तेवढे राहून गेले, हे तेव्हा कळलं नाही.

आता खानावळीचं. महिन्यातून एकदा आम्हा मास्तरांची यवतमाळला बैठक असायची. वासुदेवराव मला सोबत न्यायचे. माझ्यावर प्रेम होतं म्हणून नाही. शाळेची सगळी कागदपत्रं मीच लिहायचो, माझं अक्षर चांगलं होतं. शाळेत ते माझ्या हातचं पाणी पीत नसत. पण यवतमाळला एसटीतून उतरलो की म्हणायचे, "चला मास्तर, इथी कोन वळखते तुमाले?" मला त्यात मोठेपणा वाटायचा. ते मला सोबत बसवतात, हे मी वस्तीत दोन-तीनदा सांगितलंही होतं.

त्या खानावळीचा रस्सा फार नावाजलेला. खिळ्याला सुतळीनं बांधलेली एक जाड वही होती, लाल कापडाची. जेवणारानं आपला अभिप्राय त्यात लिहायचा. मालकाला तिचा भारी अभिमान. नवं गिऱ्हाईक आलं की तो आधी वही पुढे करायचा, मग ताट. मी ती पहिल्यांदा वाचली तेव्हा रस्सा यायच्या आत अर्धी वाचून काढली. एका वकिलानं लिहिलं होतं, "पक्षकार हरला तरी चालेल, हा रस्सा चुकवणार नाही." एकानं लिहिलं होतं, "आर्णीहून सायकलवर आलो. वाटेत दोनदा पंक्चर. पश्चात्ताप नाही." एका तलाठ्याचा अभिप्राय दोन ओळींचा: "घाम फुटला. समाधान झाले." कोणी लिहिलं होतं की नागपुरातही असं मटण मिळत नाही, कोणी तर्रीवर चार ओळींची कविता केली होती. खाली प्रत्येकाचं पूर्ण नाव, आडनाव, गाव, हुद्दा. आडनावं मी जास्त वाचली. आमचं आडनाव कुठे दिसतं का ते बघत होतो. नव्हतं.

तेव्हा वासुदेवरावांनीच वही माझ्याकडे सरकवली. "मास्तर, तुमी लिहा. तुमचं मराठी चांगलं हाय."

मी लिहिलं. भरपूर लिहिलं. मटण किती मऊ, रश्शाला रंग कसा, वाढणाराच्या हाताला कशी बरकत, सगळं. शेवटी एक वाक्य लिहिलं: "येथे माणूस पाहुणा म्हणून येतो आणि घरचा होऊन जातो." खाली सही करताना थांबलो. मग माझं नाव लिहिलं, त्याच्यापुढे "शिक्षक" लिहिलं. आडनाव गाळलं. गाव गाळलं. कोणी गाळायला सांगितलं नव्हतं.

मालकानं ते उभं राहून सगळ्यांना वाचून दाखवलं. लोकांनी माना डोलावल्या. पुढच्या महिन्यात गेलो तर ते शेवटचं वाक्य भिंतीवर. पेंटरकडून लिहून घेतलेलं, तांबड्या तेल्या रंगात, हातभर अक्षरं, आणि खाली बारीक अक्षरात माझं नाव. जेवणारे मान वर करून वाचत होते. मला फार आनंद झाला. बोरीला गेलो तेव्हा मायला सांगितलं, "माय, यवतमाळले भित्तीवर माह्यं नाव हाय." मायला वाचता येत नव्हतं. पण माझं नाव ती ओळखायची. माझ्या शाळेच्या दाखल्यावर मी तिला ते दाखवलं होतं आणि त्यावरून बोट फिरवून फिरवून तिनं तो आकार पाठ केला होता. ती म्हणाली, "मले दाखवजो एकडाव."

त्यानंतरच्याच बैठकीला मी ताट उचललं.

पुढचे दोन महिने मी खानावळीत गेलो नाही. बैठक सुटली की वासुदेवरावांना सांगायचो, पोट बरं नाही. स्टँडवर चिवडा घेऊन झाडाखाली उभ्यानं खायचो. ते हसायचे आणि जायचे. शाळेतही त्यांनी तो विषय कधी काढला नाही. त्यांच्यासाठी त्यात काढण्यासारखं काही नव्हतंच.

तिसऱ्या महिन्यात बैठकीच्याच दिवशी माय यवतमाळला आली. तिच्या डोळ्याला फूल पडत होतं, मोठ्या दवाखान्यात दाखवायचं होतं. सकाळीच डॉक्टरनं बघितलं, थेंब दिले, एका डोळ्याला पट्टी बांधली. बैठक आटोपून मी म्हटलं, तुला गाडीत बसवून देतो. ती म्हणाली, "आंधी मले तुहं नाव दाखव. डोया आहे तोवर पाहून घेतो."

मी सांगितलं, खानावळ बंद आहे. ती म्हणाली, चाल, बंद दाराच्या फटीतून पाहू. मी सांगितलं, लांब आहे. ती म्हणाली, मी बोरीहून आली, आता लांब काय? मायला उलटं बोलून थकवणारा माणूस मी अजून बघितलेला नाही.

खानावळ उघडी होती. आम्ही दाराबाहेर उभे राहिलो. समोरच भिंत दिसत होती. वाक्य जिथल्या तिथे होतं. तांबडं, ठसठशीत. पाहुणा म्हणून येतो आणि घरचा होऊन जातो. फक्त खालची ओळ नव्हती. तिथे चुन्याचा एक पट्टा मारलेला होता. भिंत जुनाट पिवळी आणि तेवढाच पट्टा पांढरा.

मायनं डोळ्यावर हात धरून नीट बघितलं.

"तुहं नाव कोनतं याच्यात?"

मी त्या पांढऱ्या पट्ट्याकडे बघत राहिलो.

"इतकी अक्षरं हायेत. तुहं कोनतं?"

रस्त्यापलीकडे कडुनिंबाखाली दगड होते. तिथे मी तिला बसवलं आणि सगळं सांगितलं. ताट कसं उचललं, मालक काय म्हणाला, वासुदेवराव काय म्हणाले, मी ताट कुठे ठेवलं. तेवढं तिच्यासाठी नवं नव्हतं. मग मी उरलेलं सांगितलं. सांगायचं नव्हतं, पण तिच्यासमोर बसून लपवताही येईना.

"मी त्याईले म्हनलं का माही माय मेली."

मायनं पदर नीट केला. ती समोरच्या रस्त्याकडे बघू लागली. बैलगाड्या चालल्या होत्या, सरकीची पोती लादलेल्या.

"मायले मेली म्हनतानी तुही जीभ अडखळली का नाई?"

"नाई," मी म्हणालो.

खरं तेच होतं. जीभ अडखळली नव्हती. पेला वाजला होता, पण वाक्य सरळ आलं होतं, जसं काही बरेच दिवस तोंडात तयारच होतं. हे कबूल करताना मला जितकी लाज वाटली तितकी ओट्याला लागून ताट ठेवतानाही वाटली नव्हती. तिथे दुसऱ्यानं मला खाली दाखवलं होतं. इथे मी मायला खाली ढकललं होतं, स्वतः वर राहायला. आणि वरही राहता आलं नव्हतं.

माय उठली. गुडघ्यावर हात देऊन, सावकाश.

"चाल," ती म्हणाली. "ज्या रश्शासाठी मले मारलं, तो मले पाहू दे."

मी म्हटलं, माय, नको. ती रस्ता ओलांडायला निघालीसुद्धा. एका डोळ्याला पट्टी, पायात माझ्या जुन्या चपला. मग मी तिच्या पुढे गेलो. त्या दारातून ती एकटी आत गेली असती, तर मी तिला दुसऱ्यांदा मारलं असतं.

आत वासुदेवराव बसलेले होते, बैठकीचे आणखी दोन मास्तर सोबत. मी थांबलो नाही. मधल्या रिकाम्या बाकावर मायला बसवलं. ती आधी खाली, भिंतीला टेकून बसायला लागली होती. मी तिला दंडाला धरून बाकावर बसवलं आणि शेजारी बसलो. मालक आला.

"मास्तर, हे कोन?"

"माही माय."

"तुमी तं म्हनत होते, का..."

"खोटं बोललो होतो."

हे मी मोठ्यानं म्हणालो. सगळ्या बाकांना ऐकू जाईल असं. लोकांनी घास हातात धरले. वासुदेवरावांनी मान खाली घातली आणि भाकर मोडत राहिले.

मालक घुटमळला. वहीत अभिप्राय लिहिणारा तो वकील कोपऱ्यात जेवत होता, आणि खानावळीच्या दारातून माणसाला हाकललं तर कायद्यानं काय होतं हे वकिलासमोर कोण करून बघणार? त्यानं हाकललं नाही. आत गेला आणि दोन ताटं घेऊन आला. जर्मनची. इतर सगळ्यांपुढे पितळी होती.

मायनं ताटाच्या कडेवरून बोट फिरवलं. एका डोळ्यानंही तिला तो चेपलेला काठ ओळखू आला.

"हे ताट मी वळखतो, दादा," ती मालकाला म्हणाली. "बाकीच्याईले जे देल्लं तेच आन."

ती ओरडली नाही, अजीजीही केली नाही. बाजारात मिरच्या चांगल्या दे म्हणावं, तसं म्हणाली. मी माझं ताट उचलून त्याच्या हातात परत दिलं. त्या खानावळीत मी ताट उचललं ते तेव्हा शेवटचं.

पितळी ताटं आली. रस्सा आला. माय जेवली. घाई न करता, भाकर चुरून, रश्शात कालवून, बोटांनी हाड दाबून दाबून. मी तिच्याकडे बघत होतो. पोट भरल्यावर ती पाणी प्यायली, उठली, आणि तिचे दोन्ही हात ताटाकडे गेले.

तिच्या हातांनीसुद्धा तेच केलं. कपबश्या फोडणाऱ्या हातांनी.

मी तिच्या ताटावर हात ठेवला. गच्च दाबून धरलं. "राहू दे, माय." तिनं क्षणभर ओढलं. मग तिला कळलं. तिनं हात मागे घेतले आणि लुगड्याला पुसले. उष्टी हाडं, सांडलेला रस्सा, आमची दोन्ही ताटं जागेवर तशीच राहिली.

मी खिळ्यावरची वही काढली. माझं पान नव्हतं. मुळाशी फाडलेली कोर तेवढी शिल्लक होती.

"माय, रस्सा कसा वाटला?" मी विचारलं.

तिनं विचार केला. "मसाला बरा हाय. मीठ कमी हाय."

"लिहू?"

"लिह्य. इचारलं तं सांगाव लागन."

मी लिहिलं: "मसाला बरा आहे. मीठ कमी आहे. ताटे आम्ही धुतली नाहीत." खाली माझं नाव लिहिलं, बापाचं नाव लिहिलं, आडनाव लिहिलं, गाव बोरी अरब, धर्म बौद्ध. एकही अक्षर गाळलं नाही. मग मायचं नाव लिहिलं आणि त्यापुढे तिचा अंगठा घेतला. शाई नव्हती लागत. अंगठ्याला तर्री होती.

मालकानं वही वाचली नाही. आम्ही ओटा उतरलो तेव्हा मागे कागद फाटल्याचा आवाज आला.

"काय फाटलं?" मायनं विचारलं.

"आपलं पान."

"मंग पुढल्या महिन्यात अजून लिह्यजो."

पुढच्या महिन्यात मी गेलो. एकटा. वासुदेवराव बसले होते त्याच बाकावर, त्यांच्यासमोर बसलो. जेवलो. ताट तिथेच सोडलं. वहीत लिहिलं, मीठ अजून कमी आहे. खाली पूर्ण नाव, गाव, धर्म. तेही पान गेलं असेल. त्याच्या पुढच्या महिन्यातही लिहिलं. त्याची वही संपत गेली, माझं नाव संपणारं नव्हतं. भिंतीवरचं वाक्य मात्र त्यानं कधी पुसलं नाही. वाक्य त्याला आवडायचं.

माय त्यानंतर पुष्कळ वर्षं जगली. खरंच गेली तेव्हा मी गावोगाव निरोप पाठवायला बसलो. "माय गेली" एवढं सांगायचं होतं, आणि प्रत्येक माणसापाशी माझी जीभ अडखळली. हे वाक्य मी आधीच एकदा, एका ताटासाठी, खर्च केलेलं होतं. फाडलेल्या पानांचं मला काही वाटत नाही. हे पान मला फाडता येत नाही, आणि फाडायचंही नाही.

घरी मी आजही माझं ताट धुतो. बायकोचंही धुतो. बाहेर नाही. लग्नात, सभेत, कोणाच्याही वाड्यावर, जेवण झालं की हात अजून ताटाकडे जातो. मी तो मागे घेतो आणि उठतो.